शब्दचर्चा: ‘ईस्टर एग’ म्हणजे प्रतीक, संकेत की कूट?

वेलांटी: अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टबद्दल मराठीत लिहिताना साप, १३ हा आकडा, अल्बमच्या पुस्तिकेतली लपवलेली अक्षरं, सगळ्यालाच ‘प्रतीक’ म्हटलं जातं. चाहत्यांनी शोधावी म्हणून लपवलेली खूण, म्हणजे ‘ईस्टर एग’, तिलाही तेच. चालेल का?

अर्धचंद्र: नाही. प्रतीक उघड्यावर असतं. त्यात किती खोल शिरायचं ते बघणाऱ्याने ठरवावं. ईस्टर एग मुद्दाम दडवलेलं असतं आणि त्याचं उत्तर बहुधा एकच. शब्द व्हिडिओ गेममधून आलाय: अटारीच्या ‘अ‍ॅडव्हेंचर’मध्ये वॉरन रॉबिनेटने गुप्त खोलीत स्वतःचं नाव लपवलं होतं.

स्विफ्टच्या २००६ सालच्या पहिल्या अल्बमची पुस्तिका पाहा. गाणी लहान लिपीत छापलेली, मधेच एखादं अक्षर कॅपिटल. कॅपिटल तेवढी ओळीने उतरवायची, शब्द आपणच तोडायचे. ‘अवर साँग’ या गाण्यातून ‘लिव्ह इन लव्ह’ निघतं. नेटवरून शब्द उचलले तर फसाल: तिथे कॅपिटल व्याकरणाप्रमाणे पुन्हा लावलेली असतात, निरोप पार पुसला जातो. याला मी ‘कूट’ म्हणेन, कूटश्लोकातलं, म्हणजे अर्थ उकलून काढावा लागतो अशा श्लोकातलं.

कानामात्रा: कूट पटलं. देवनागरीत मात्र ही युक्ती जमायची नाही, आपल्याला लहान-मोठी लिपीच नाही. उरतात ठळक ठसा आणि ओळींची आद्याक्षरं. आद्याक्षरांत काना-मात्रा मोजायच्या की गाळायच्या, हे आधी ठरवावं लागतं. गाळल्या तर ‘क’ आणि ‘ल’ हाती येतात आणि वाचणारा काल, कला, केला, हवं ते वाचतो. (माझ्या नावाचा अपमान तो वेगळाच.)

वेलांटी: मग ‘संकेत’?

अर्धचंद्र: फार ओढाताण झालेला शब्द. संकेतस्थळ म्हणजे एकेकाळी प्रेमिकांनी भेटायला ठरवलेली जागा, आता वेबसाइट. चकोर चांदणं पितो हा कविसंकेत. दोन्हीकडे मुद्दा एकच: खूण दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असते. १३ इथे चपखल बसतो. तिचा जन्म १३ डिसेंबरचा. सुरुवातीच्या कार्यक्रमांत ती हातावर १३ रंगवून यायची. चाहत्याला बघताक्षणी कळतं, सोडवायचं काही नसतं.

उकार: सापाचं प्रकरण वेगळं आहे. आपण ज्याला अस्तनीतला निखारा म्हणू, त्याला इंग्रजीत साप म्हणतात. २०१६ मध्ये तिच्या पोस्टखाली सापाच्या इमोजींचा खच पडला तो त्या अर्थाने. ऑगस्ट २०१७ मध्ये तिने जुन्या पोस्ट काढून टाकल्या आणि सापाच्याच क्लिप टाकल्या. २०१८ च्या दौऱ्यात तर रंगमंचावर अवाढव्य नाग उभे राहिले. शिवीच मिरवायला घेतली म्हणा ना. हे प्रतीकच, पण अर्थ बदलत गेलेलं. मराठी वाचकाला नागाचा फणा दिसला की नागपंचमी आठवते, शिवी नाही; तेव्हा नुसतं ‘सापाचं प्रतीक’ लिहून भागत नाही, अर्धं वाक्य जास्त खर्चावं लागतं.

२०१९ च्या ‘मी!’ (ME!) या गाण्याच्या व्हिडिओत (उच्चार इंग्रजी, अर्थ मराठीतही जुळतो!) गुलाबी साप सरपटत येतो, जबडा उघडून झेपावतो आणि फुटून त्याची फुलपाखरं होतात. इथे ‘तिने कात टाकली’ लिहायचा मोह सगळ्यांना होतो. टाळा. कात टाकूनही साप सापच राहतो. इथे तो उरतच नाही.