पोलिश कॅथलिक वाचकांसाठी 'पश्चात्ताप', 'मंडळी', 'नीतिमान ठरवणे': कोणते शब्द घ्यावेत?

दांडियाबाजार_बडोदे: मराठी प्रोटेस्टंट लेखमालेचं पोलिश भाषांतर इथे बडोद्यात चाललं आहे. वाचणारे कॅथलिक घरांत वाढलेले. 'पश्चात्ताप'साठी 'पोकुता', 'मंडळी' (म्हणजे चर्च) यासाठी 'झ्बूर' आणि 'नीतिमान ठरवणे'साठी 'उस्प्राव्येद्लिव्येन्ये' घेतलं आहे. कोशात तिन्ही सापडतात, पण वाचकाच्या कानाला ते कसे लागतील?

राजवाडा_इंदूर: 'पोकुता' आधी काढा. पाप कबूल केल्यावर धर्मगुरू जे प्रायश्चित्त सांगतात, त्यालाच कॅथलिक माणूस 'पोकुता' म्हणतो. म्हणजे 'मन फिरवा' हे तुमचं वाक्य तो 'प्रायश्चित्त पार पाडा' असं वाचणार. मार्क १:१५, म्हणजे येशूचं 'पश्चात्ताप करा' हे वाक्य, तीन बायबलांत ताडून पाहा. १६३२ च्या ग्दान्स्क बायबलात 'पोकुतुय्चे' आहे, १९७५ च्या वॉर्सा बायबलात 'उपाम्येन्ताय्चे श्ये' आणि १९६५ च्या कॅथलिक 'सहस्रकाच्या बायबला'त 'नाव्रात्साय्चे श्ये'. तिसरं घ्या. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, डोक्यावर राख टाकताना हेच वाक्य म्हणतात, त्यामुळे ते वाचकाच्या ओळखीचं आहे.

एक धोका मात्र आहे. लेखात मिशनरी कामाचा विषय असेल, तर नुसतं 'नाव्रुत्सेन्ये' धर्मांतरासारखं वाचलं जातं. तिथे 'दो बोगा', म्हणजे 'देवाकडे', जोडा.

'झ्बूर' म्हटलं की प्रोटेस्टंट मंडळीच डोळ्यांसमोर येते. सगळ्या ख्रिस्ती लोकांबद्दल बोलत असाल तर 'कोश्चूव', पहिलं अक्षर मोठं. लहान अक्षराने लिहिलं तर ती इमारत होते. गावातल्या मंडळीसाठी 'व्स्पुल्नोता' चालेल.

लष्कर_ग्वाल्हेर: इंदूरच्या दादांशी सहमत. वॉर्सा बायबलातलं 'उपाम्येन्तान्ये' प्रोटेस्टंटांबाहेर फारसं कुणी वापरत नाही.

'उस्प्राव्येद्लिव्येन्ये' मात्र बदलू नका. दोन्ही पंथांचा शब्द तोच आहे, १९९९ मध्ये ऑग्सबुर्गला लुथरन आणि कॅथलिकांनी मिळून केलेली घोषणाही याच विषयावर आहे. शाळेत गैरहजेरीची चिठ्ठी देतात तिलाही हाच शब्द, म्हणून पहिल्या उल्लेखाला एक वाक्य जोडावं. कॅथलिक शिकवणीत यात माणसाचं आतून नवं होणंही येतं. तुमच्या लेखकाला 'देवाने नीतिमान ठरवणे' एवढंच म्हणायचं असेल, तर 'उझ्नाच झा स्प्राव्येद्लिवेगो' असं क्रियापदाने लिहा.

आज्ञांचे क्रमांक नक्की तपासा. आपल्याकडे 'खून करू नको' सहावी; पोलिश कॅथलिकांच्या धर्मशिक्षणात ती पाचवी, आणि सहावी व्यभिचाराची. नुसता 'सहावी आज्ञा' असा उल्लेख असेल, तर अख्खा परिच्छेद भलतीकडे जातो. क्रमांक गाळून आज्ञाच लिहा.

दांडियाबाजार_बडोदे: आणि 'पवित्र जन'? पौलाच्या पत्रांचे उतारे बरेच आहेत.

राजवाडा_इंदूर: उताऱ्यात 'श्फ्येंची' ठेवा, कॅथलिक बायबलातही तेच आहे. लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात मात्र 'व्येझोंत्सी', म्हणजे श्रद्धावंत. नाहीतर वाचक वेदीवरचे संत समजेल. उतारे सगळे एकाच बायबलातून घ्या. येशूच्या आईसाठी 'मारीया', मार्था-लाझारच्या बहिणीसाठी 'मार्या'. पोलिश कॅथलिक हा फरक कसोशीने पाळतात, आईला 'मार्या' लिहिलं तर पहिल्याच पानावर खटकेल.

लष्कर_ग्वाल्हेर: छापण्याआधी मिस्साला (कॅथलिक उपासनेला) नियमाने जाणाऱ्या एका पोलिश वाचकाकडून प्रत्येक परिच्छेदाचा अर्थ त्याच्या शब्दांत लिहून घ्या. 'समजलं का?' असं विचारलंत तर तो हो म्हणून मोकळा होईल.