राउसडालचे हार्लेम : चित्राचा विषय आकाश की कापड?

डच चित्रकार याकोब फान राउसडालने १६७० ते १६७५ च्या सुमारास रंगवलेले नेदरलँड्समधल्या हार्लेम शहराचे दृश्य द हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. आकाराने ते जेमतेम ५५.५ बाय ६२ सेंटिमीटर असूनही त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग ढगांनी व्यापला आहे. क्षितिजावर सेंट बाव्होचे चर्च तेवढे ठळक उठते. चित्रकार उंच वाळूच्या टेकडीवरून खाली पाहत असताना जमिनीला एवढी कमी जागा देतो, याचा अर्थ मला एकच दिसतो : विषय आकाश आहे आणि भाव माणसाच्या लहानपणाचा आहे.

प्रतिसाद १
असहमत. क्षेत्रफळावरून विषय ठरत नाही. ऊन कुठे पडले आहे ते पाहावे. पुढची टेकडी सावलीत आहे आणि प्रकाशाचा झोत नेमका त्या मैदानावर पडतो, जिथे लिननचे लांब पट्टे शुभ्र होण्यासाठी पसरले आहेत. टेकड्यांतले स्वच्छ पाणी आणि आंबट ताक वापरून कापड उजळण्याचा हा धंदा हार्लेमची ख्याती होता, आणि परदेशातूनही तिथे कापड येत असे. ज्या शहराचा कारभार असा दिमाखात उजळला आहे, त्या चित्रात नम्रता शोधणे मला ओढूनताणून वाटते. आकाश इथे दिवा धरण्याचे काम करते.

प्रतिसाद २
दोघेही एक गोष्ट विसरता. राउसडाल मूळचा हार्लेमचा, पण १६५७ च्या सुमारास तो ॲमस्टरडॅमला गेला. म्हणजे हे चित्र दुरावलेल्या गावाचे आहे. मला त्यात हुरहूर दिसते.

प्रतिसाद १
हुरहूर चरित्रातून आणून चित्रावर लादली जात आहे. हार्लेमची अशी दृश्ये त्याने अनेक रंगवली, आणि त्यांना 'हार्लेम्प्ये' असे नावच पडले. इतक्या आवृत्त्यांमागे मला गिऱ्हाइकांची मागणी अधिक संभवनीय वाटते.

धागाकर्ता
मागणी होती म्हणून भाव खोटा ठरत नाही. मात्र उन्हाचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तोच माझ्या बाजूने जातो. दृश्याला चौकट देणारी झाडे दोन्ही कडांना नाहीत, त्यामुळे खोलीचा सारा भार ऊन-सावलीच्या आलटून पालटून येणाऱ्या पट्ट्यांवर आहे, आणि ते पट्टे ढगांनीच पाडले आहेत. ढग पुढे सरकला की ते कापडही अंधारात जाईल. शहराच्या अभिमानाचेच चित्र काढायचे असते, तर त्याला निरभ्र दिवस निवडता आला असता.