प्रॉक्सिव्हॉन बंद का झालं?

रानमेवा:
बाबांच्या जुन्या फाईलीत प्रॉक्सिव्हॉनचं प्रिस्क्रिप्शन सापडलं. कंबर धरली की तेव्हा सर्रास हेच लिहून द्यायचे. मेडिकलवाला म्हणे कधीच बंद झालं. व्यसन लागतं म्हणून का? त्यात होतं तरी काय?

निळा_लिटमस:
पॅरासिटामॉलच्या जोडीला डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन, अफूसारखं काम करणारं वेदनाशामक. पण अफूच्या बोंडाशी संबंध नाही, सगळं लॅबमधलं, मेथाडोन ह्या तशाच कृत्रिम औषधाच्या भावकीतलं. एली लिलीने १९५७ ला अमेरिकेत डार्व्हॉन नावाने आणलं. आणि गंमत बघा, ह्याच रेणूचं आरशातलं रूप म्हणजे लेव्होप्रोपॉक्सिफिन, ते दुखण्यावर जवळपास बिनकामाचं पण खोकला दाबतं, तर तेही विकलं, नाव ठेवलं नोव्हरॅड, डार्व्हॉनचं स्पेलिंग उलटं :D

खलबत्ता:
व्यसन आहेच हो, पण खरी भानगड हृदयाची. लिव्हरमध्ये त्याचं नॉरप्रोपॉक्सिफिन होतं आणि ते निम्मं व्हायलाच ३०-३६ तास लागतात, म्हणजे रोज घेणारा माणूस, त्यात वय झालेलं, किडनी कमजोर, की अंगात साठतच जातं आणि हृदयातले सोडियम चॅनेल (ठोक्याचा विद्युत संदेश पुढे नेणारी पेशींतली दारं) अडवतं. ओव्हरडोसमध्ये नॅलोक्सोन, म्हणजे अशा औषधांवरचा उतारा, दिलं तर श्वास सुधारतो, हृदयावरचा परिणाम उतरत नाही. ब्रिटनने २००५ लाच काढायचं ठरवलं, अमेरिकेत नोव्हेंबर २०१० ला गेलं कारण नेहमीच्या डोसलाही ईसीजी बदलतो असं दिसलं. आपल्याकडे मे २०१३. एवढं करून नुसत्या पॅरासिटामॉलपेक्षा फरक पडायचा तो थोडाच, माझ्या मते फारच उशीर केला.

डोंगरवाट:
मिझोराममध्ये तर स्पास्मो प्रॉक्सिव्हॉनने पोरांची वाट लावली. पोटदुखीची कॅप्सूल, पण ती पोरं शिरेतून घ्यायची, गळवं व्हायची, काहींचे हातपाय कापावे लागले. नंतर त्याच नावाला प्लस जोडून ट्रॅमाडॉलवाली (तेही अफूसारखंच वेदनाशामक) आली, मग २०१८ ला ट्रॅमाडॉलही एनडीपीएस ह्या अमली पदार्थांच्या कायद्यात.

रानमेवा:
बापरे. ह्या भावकीतलं अजून काही घरात असतं का? आई आता प्रत्येक स्ट्रिप तपासत बसलीये

निळा_लिटमस:
जुलाबाची लोपरामाईड असेल की! लांबची नातेवाईक. पण मेंदूच्या दारावर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो, तो तिला बाहेर ढकलतो, म्हणून नेहमीच्या डोसला काम फक्त आतड्यात.

खलबत्ता:
नेहमीच्या डोसला हे महत्त्वाचं. भरमसाट घेतली तर तीही हृदयाचा ठोका बिघडवते, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) २०१६ ला तशी वॉर्निंग दिलीये. बाकी आईंना सांगा, एक्स्पायरी आधी बघा.