पत्रात ‘पर डिएम’ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय मिळणार?

कुपवाडचा_फिटर
नमस्कार मंडळी. मी सांगलीत, कुपवाड एमआयडीसीत मशीन बसवायच्या कामावर आहे. कंपनी काही आठवड्यांसाठी ओहायोला पाठवतेय. पत्रात पगाराखाली वेगळं ‘पर डिएम ६० डॉलर’ लिहिलंय. हा शब्द कुठला? यात हॉटेल धरलंय का? आई सारखी विचारतेय, तिकडं पोटाला पुरंल ना.

निवृत्त_लेखा_सातारा
शब्द लॅटिन. ‘पर’ म्हणजे दर, ‘डिएम’ म्हणजे दिवस. दोन्ही तुमच्या रोजच्या वाचनातले आहेत. पर्सेंटमधला ‘पर’ हाच, दर शेकडा. घड्याळातल्या एएम-पीएममधला ‘एम’ म्हणजे मेरिडिएम, मध्यान्ह. त्याच्या पोटात हाच डिएम बसलाय. मूळ रूप ‘डिएस’. ते आणि संस्कृतातला ‘दिव्’, ज्यातून आपला दिवस आला, दोन्ही एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळातून निघालेत. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता पैशाचं. नोकरीभर मी दौऱ्याची बिलं तपासली. आपल्याकडे डीए म्हटलं की महागाई भत्ताच आठवतो, पण दौऱ्याच्या बिलात डीए म्हणजे दैनिक भत्ता. पर डिएम तो हाच. तो पगार नव्हे, गाव सोडून राहिल्यावर होणाऱ्या खर्चापोटी दिवसाला ठरलेली रक्कम. त्यात काय काय धरलंय ते मात्र ज्यानं त्यानं ठरवायचं. अमेरिकेचं केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांसाठी दोन दर काढतं, एक राहण्याचा, दुसरा जेवण आणि किरकोळ खर्चाचा. २०२५ च्या त्यांच्या आर्थिक वर्षात सर्वसाधारण दर राहण्याला ११० आणि जेवण-किरकोळला ६८ डॉलर होता. महागड्या शहरांत जास्त. तेव्हा तुमच्या ६० मध्ये हॉटेल असेल तर अजिबात भागणार नाही, नुसतं जेवण असेल तर भागेल. लेखी विचारा. प्रवासाचा दिवस कसा धरणार तेही विचारा. तिथल्या सरकारी नियमात पहिल्या आणि शेवटच्या दिवशी जेवणखर्च ७५ टक्केच मिळतो.

विट्याची_सून
आमचे हे जर्मन कंपनीत आहेत. हॉटेलात नाश्ता मिळाला की दिवसाच्या भत्त्यातले २० टक्के कापतात, तिथला नियमच तसा आहे. तुमच्याकडे काय, ते आधीच विचारून घ्या.

कुपवाडचा_फिटर
मेल टाकला होता, उत्तर आलं. हॉटेल कंपनी थेट भरणार, ६० फक्त जेवण आणि किरकोळला. नाश्त्याचं कापणार नाहीत. काका, पावत्या ठेवायला लागतील का?

निवृत्त_लेखा_सातारा
ठरावीक रकमेला बऱ्याच कंपन्या पावत्या मागत नाहीत, तरी सगळ्या ठेवा. आपल्या प्राप्तिकरात असा भत्ता कामासाठी खरंच खर्च झाला तेवढ्यापुरताच करमुक्त असतो. आणि खोली आजच मागून घ्या, शेगडी असलेली. रोज बाहेर जेवलात तर हात आखडेल. रात्री भात-आमटी टाकता आली तर आईंनाही फोनवर खरं सांगता येईल.