जुनी टेबल सॉ: मोटर बदलू की मशीनच विकू?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १० इंची ब्लेडची जुनी टेबल सॉ आहे (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडवर लाकूड कापायची मशीन), बिडाचं टेबल, मोटर मागं लटकलेली, पट्ट्यावर चालते. एक फर्निचरचा कारखाना बंद झाला तिथून उचलली होती, आता नागपुरात मानेवाड्याला घरामागच्या शेडात असते. प्लाय मस्त कापते, पण सागाची दीड इंची फळी उभी चिरायला घेतली की अर्ध्यात मोटर गुरगुरते, कडा काळी पडते, जळका वास सुटतो. मोटर दीड एचपीची आहे. दोनची टाकू की विकून नवीन घेऊ? घरचे म्हणतात काहून त्या भंगारात पैसे टाकून राहिला.

लाकूडफाटा
भाऊ, मोटरला आत्ता हातच नका लावू. ब्लेड कोणतं लावलंय ते सांगा. प्लायसाठीचं ६०-८० दातांचं असेल तर सागात भुसा बाहेर निघायला जागाच राहत नाही, मग जळणारच. चिरायला २४ दातांचं टीसीटी, म्हणजे कार्बाइडच्या दातांचं ब्लेड घ्या. सागात सिलिका असते, दात लवकर बोथट होतात, लकडगंजात धार लावून मिळते का ते विचारा, नाहीतर सरळ नवीन.

गुण्या_धरा
ब्लेड तर आहेच, पण मला ते वाकडं बसलंय असं वाटतं. प्लग काढा, एका दातावर मार्करनं खूण करा, दात पुढं आणून मायटर स्लॉटपासून (टेबलावरची ब्लेडच्या बाजूची लांब खाच) अंतर मोजा, मग तोच दात फिरवून मागं न्या आणि परत मोजा. दुसरा दात घेऊ नका, ब्लेडच थोडं डोलत असेल तर फसाल. ब्लेड सरळ झालं की फेन्सही, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची ती आडपट्टी, स्लॉटशी समांतर करा. फेन्स मागून ब्लेडकडं झुकली असली की लाकूड मधे चिमटलं जातं, जळतं आणि कधी तुमच्याच अंगावर फेकतं, त्यालाच किकबॅक म्हणतात.

सोनेगावकर
माझं मत वेगळं, विकून टाका. या जुन्या मशीनवर रिव्हिंग नाइफ नसतो, म्हणजे ब्लेडबरोबर वरखाली होणारी, चिरलेलं लाकूड ब्लेडला चिमटू न देणारी ती मागची पाती. सॉस्टॉप कंपनीच्या मशीनसारखी बोट लागताच ५ मिलिसेकंदांच्या आत ब्लेड थांबवणारी सोय तर जुन्यावर बसवताच येत नाही. बोटं गेली तर कोणतं फर्निचर करता?

गुण्या_धरा
मुद्दा खरा, पण एवढं वजनदार बिडाचं टेबल नव्या हलक्या मशीनला कुठून येणार. थ्रोट प्लेट (ब्लेडभोवतीची टेबलातली सुटी पट्टी) लाकडाची करा आणि ब्लेडच्या मागं त्यातच स्प्लिटर बसवा, म्हणजे चिरलेल्या फटीत राहणारी पातळ पाती, ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड पण दातांच्या कापापेक्षा बारीक. लाकूड ढकलायची पुश स्टिक मात्र हवीच. आणि मशीन लांबलचक बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर चालवत असाल तर व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरायला तेही कारण असतं, सरळ १६ अँपिअरच्या पॉइंटवर लावा.

प्रश्नकर्ता
मोजलं. मागचा दात पुढच्यापेक्षा फेन्सच्या बाजूला १ मिमी जास्त आहे! ब्लेड ६० दातांचंच निघालं 😅 आता ट्रनियनचे (टेबलाखाली ब्लेड धरून ठेवणारा भाग) बोल्ट ढिले करायला घेतले तर गंजून बसलेत, हातोडी मारू का?

लाकूडफाटा
नाही हो!! बीड आहे, तडकलं तर जोडायचा वांधा. भेदक तेल टाकून रात्रभर राहू द्या, उद्या सकाळी लांब दांड्याचा पाना लावा. एक बोल्ट घट्टच ठेवा, बाकीचे ढिले करून रबरी हातोडीनं हळूच सरकवा, मोजत मोजत. आणि आता पावसाळ्यात टेबलावर वॅक्स पॉलिश घासत जा, सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडाला लागला की त्यावर पॉलिश नीट बसत नाही.