मदत हवी आहे: जठरात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, सोबत बी१२ कमी आणि हाशिमोटो (थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार). ऑपरेशन लागेल का?

आईचं वय ५८. एंडोस्कोपीत जठराच्या वरच्या भागात चार गाठी, सगळ्यात मोठी ६ मिमी. बायोप्सीत न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरकं सोडणाऱ्या पेशींची गाठ), ग्रेड १, केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात याचं माप) २ टक्क्यांच्या आत. उपाशीपोटी गॅस्ट्रिन (जठराला आम्ल तयार करायला लावणारं संप्रेरक) ९८०, लॅबची मर्यादा १००. बी१२ ११०, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ९. हाशिमोटोसाठी थायरॉक्सिन आणि रोज पँटोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) चालू आहे. एका ठिकाणी जठराचा भाग काढायला सांगितलंय. घाई करावी का?

प्रतिसाद १
घाई नको. या गाठींचे मुख्य तीन प्रकार आहेत, आधी प्रकार ठरवा, कारण उपचार त्यावरच अवलंबून आहेत. वर्णन टाइप १ शी, म्हणजे ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिसमुळे होणाऱ्या प्रकाराशी जुळतंय. ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिसमध्ये प्रतिकारशक्ती जठरातल्या आम्ल तयार करणाऱ्या पेशीच मारते. आम्ल संपलं की जठराच्या खालच्या भागातल्या जी-पेशी गॅस्ट्रिन सोडतच राहतात, आणि त्या सततच्या रेट्याने ईसीएल पेशी (जठराच्या अस्तरातल्या संप्रेरक सोडणाऱ्या पेशी) वाढून गाठी होतात. या गाठी बहुतेक वेळा सौम्यपणेच वागतात, पसरणं फार क्वचित.

मात्र पँटोप्राझोलनेही गॅस्ट्रिन आणि क्रोमोग्रॅनिन ए (अशा ट्यूमरसाठी रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) वाढतं. डॉक्टरांना विचारून गोळी साधारण दोन आठवडे बंद ठेवा, मग गॅस्ट्रिन पुन्हा करा आणि एंडोस्कोपीच्या वेळी जठरातल्या द्रवाचा पीएच (आकडा जितका कमी, आम्ल तितकं जास्त) मोजायला सांगा. गॅस्ट्रिन जास्त आणि पीएच २ च्या खाली आला तर गॅस्ट्रिनोमा (गॅस्ट्रिन सोडणारी गाठ, जिच्यामुळे टाइप २ होतो) शोधावा लागतो. त्यात अशी गोळी अचानक थांबवणं धोक्याचं, म्हणून स्वतःहून बंद करू नका. टाइप ३ मध्ये गॅस्ट्रिन नॉर्मल आणि गाठ सहसा एकच असते. मोठ्या ऑपरेशनचा विचार मुख्यतः तिथे होतो.

प्रतिसाद २
बायोप्सी फक्त गाठीची घेतली होती का, ते बघा. इथेच बऱ्याचदा गाडी अडते. आजूबाजूच्या अस्तराचे तुकडेही लागतात: अँट्रममधून (जठराचा खालचा भाग) दोन, वळणावरून एक, बॉडीतून (जठराचा मधला मुख्य भाग) दोन, आणि जागेप्रमाणे वेगळ्या बाटल्यांत. सगळे एकाच बाटलीत टाकले तर बॉडी झिजलेली आणि अँट्रम शाबूत हा ऑटोइम्यूनचा नमुना पॅथॉलॉजिस्टला ओळखताच येत नाही. एच. पायलोरी हा जठरातला जंतूही त्यातच तपासून घ्या.

१ सेंमीपेक्षा लहान, ग्रेड १ गाठींवर लक्ष ठेवलं तरी चालतं. वर्षा-दोन वर्षांनी एंडोस्कोपी करायची. १ सेंमी किंवा मोठी असेल तर एंडोस्कोपिक सोनोग्राफीने खोली बघून दुर्बिणीतूनच काढतात. पाठपुरावा सोडू नका, कारण झिजलेल्या अस्तरात जठराच्या नेहमीच्या कॅन्सरचा धोकाही वाढलेला असतो.

प्रश्नकर्ती
धन्यवाद. बी१२ कमी असणं शाकाहारामुळे आहे असं सांगितलं होतं. गोळ्या घेऊनही वाढत नाही.

प्रतिसाद ३
आपल्याकडे हे फार होतं. शाकाहारी माणूस दिसला की शोध तिथेच थांबतो. इथे फेरिटिनही ९ आहे आणि हाशिमोटोही, म्हणजे आहाराच्या पलीकडे बघायलाच हवं. इन्ट्रिन्सिक फॅक्टर (बी१२ शोषायला लागणारं जठरातलं प्रथिन) आणि पॅरायटल सेल (आम्ल तयार करणारी पेशी), दोन्हींच्या अँटिबॉडीची तपासणी करा. पहिली निगेटिव्ह आली तरी आजार नाही असं ठरत नाही. लोह आणि बी१२ दोन्ही कमी असले की एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) नॉर्मल दिसून फसगत होते, तेव्हा आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) बघा.

इन्ट्रिन्सिक फॅक्टर नसेल तर मल्टिव्हिटॅमिनमधलं थोडंसं बी१२ शोषलंच जात नाही. सुरुवातीला १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं, पुढे दर महिन्याला एक, किंवा रोज १०००-२००० मायक्रोग्रॅम तोंडावाटे: या मात्रेचा साधारण एक टक्का इन्ट्रिन्सिक फॅक्टरशिवायही आत जातो. हे आयुष्यभर चालू ठेवायचं. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड देऊ नका, हिमोग्लोबिन सुधारेल पण नसांची हानी चालूच राहील. तळपायांना मुंग्या किंवा चालताना तोल जात असेल तर इंजेक्शन लगेच सुरू करायला सांगा.

आम्ल नसल्याने थायरॉक्सिनही नीट शोषलं जात नाही, डोस वाढवावा लागू शकतो. लोहाची गोळी आणि थायरॉक्सिन यांत चार तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाच्या गोळ्यांनी फेरिटिन हलत नसेल तर शिरेतून लोह देण्याबद्दल विचारा.