मदत हवी आहे: स्मार्टवॉचची बॅटरी घरी बदलतोय, झाकण बसत नाही

सांजवारा
जुन्या स्मार्टवॉचची बॅटरी पार गेलीय. सकाळी १०० टक्के असते आणि दुपारी १२ ला घड्याळ बंद. नवीन बॅटरी मागवली, ती जाड निघाली. मागचे ४ स्क्रू काढून घड्याळ टेबलावर उघडं पडलंय आणि आज रात्रीच जोडायचंय. झाकण दाबून गोंदाने चिकटवलं तर चालेल का? "नवीन घ्या" हे कृपया कुणी सांगू नका.

कुलूपकिल्ली
मॉडेल कुठलं? किती वर्षं वापरलंय? जुनी बॅटरी काढली की अजून आतच आहे?

सांजवारा
मॉडेल नंबर मागे होता, घामाने पुसला गेलाय. ६ वर्षं झाली. मॉडेलने काय फरक पडतो? बॅटरी ती बॅटरी. जाडीचं सांगा ना कुणीतरी.

तांबडीवायर
दाबून अजिबात बसवू नका. ही पाकिटासारखी मऊ बॅटरी असते, आतले थर कागदापेक्षा पातळ. दाबाने मधला पडदा फाटला तर आतल्या आत शॉर्ट होतो, आणि तुम्ही ते मनगटावर बांधणार.

मॉडेल राहू दे. दोन्ही बॅटऱ्यांवर जे छापलंय ते जसंच्या तसं इथे उतरवा. व्होल्ट, एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो तो आकडा), ६ आकडी नंबर असेल तर तो. वायरी किती आणि कुठल्या रंगाच्या, तेही.

पानगळ
बॅटरी बदलायच्या आधी सेटिंग बघितलंत का? स्क्रीन सतत चालू राहायचा पर्याय बंद करा, नाडी दर १० मिनिटांनीच मोजायला सांगा. माझं घड्याळ त्यानंतर दीड दिवस जायला लागलं.

कुलूपकिल्ली
@पानगळ, घड्याळ उघडून ठेवलंय त्यांनी. आता सेटिंग कुठून बघणार?

सुमनताई_५८
मी मनगटी घड्याळाचे सेल गेली कित्येक वर्षं घरीच बदलते. एसआर६२६एसडब्ल्यू लिहिलेलाच सेल घ्यावा. तो सिल्व्हर ऑक्साइडचा, १.५५ व्होल्टचा, आणि संपेपर्यंत व्होल्टेज जवळजवळ तेवढंच धरून ठेवतो. त्याच मापाचा एलआर६२६ अल्कलाइन असतो, त्याचं व्होल्टेज हळूहळू उतरत जातं. सेल बोटांनी धरू नये, प्लास्टिकच्या चिमट्याने धरावा.

सांजवारा
ताई, धन्यवाद, पण हे चार्जिंगवालं घड्याळ आहे.

छापलेलं उतरवतो.
जुनी: ३.८ व्होल्ट, ३०० एमएएच, १.१४ वॅट-अवर. खाली अगदी बारीक अक्षरात चार्जिंग मर्यादा ४.३५ व्होल्ट. वायरी ३: लाल, काळी, पिवळी.
नवीन: ३.७ व्होल्ट, ४५० एमएएच, ५०२५३०. वायरी २: लाल, काळी.
जास्त चालावी म्हणून एमएएच मुद्दाम जास्तीचे घेतले.

तांबडीवायर
मग जाडी हा तुमचा खरा प्रश्नच नाही. ही बॅटरी अगदी नीट मावली असती तरी लावू नका म्हटलं असतं.

५०२५३० म्हणजे जाडी ५.० मिमी, रुंदी २५, लांबी ३०. या बॅटऱ्यांच्या नंबरातच माप असतं. पहिले दोन आकडे जाडीचे, मिलिमीटरच्या दहाव्या भागात.

आता व्होल्ट. ३.७ वाली बॅटरी साधारणपणे ४.२ व्होल्टपर्यंतच भरायची असते. तुमच्या घड्याळातला चार्जर ४.३५ पर्यंत भरणारा आहे, कारण मूळ बॅटरी तशी होती. तो नवीन बॅटरीलाही ४.३५ पर्यंत रेटणार. नशिबाने बॅटरीवरच्या संरक्षक पट्टीने (जास्त भरलं की चार्जिंग तोडणारं छोटं सर्किट) आधी तोडलं तर ठीक, पण रोज त्या पट्टीच्या भरवशावर चार्जिंग करायचं नसतं. बॅटरी फुगते, त्याहून वाईटही होतं. उलटं, म्हणजे ४.३५ वाली बॅटरी ४.२ च्या चार्जरवर, हे चालतं, फक्त थोडी कमी भरते.

पिवळी वायर बहुतेक तापमानाची. बॅटरीच्या टोकाला पिवळ्या टेपखाली मोहरीएवढा थर्मिस्टर असतो, घड्याळ त्यावरून बॅटरी किती तापलीय ते बघतं. ती वायर मोकळी राहिली तर बरीच घड्याळं चार्जच होत नाहीत.

जोडतोड
पिवळ्या वायरीसाठी नवीन बॅटरी कशाला शोधायची? १० किलोओहमचा रेझिस्टर तिसऱ्या टोकापासून काळ्या वायरीला जोडा. घड्याळाला २५ अंश वाटतं आणि चार्जिंग सुरू. माझं २ वर्षं असंच चाललंय.

तांबडीवायर
मी हे कुणालाही सुचवणार नाही. घड्याळाला कायम २५ अंशच वाटणार, बॅटरी ६० ला गेली तरी. जी एक गोष्ट चार्जिंग थांबवू शकते तीच तुम्ही आंधळी करताय.

जोडतोड
माझ्या घड्याळाला काही झालेलं नाही. टेबलावर चार्जिंगला असताना ६० अंश कशाला होईल?

तांबडीवायर
बॅटरी बिघडली की होतं. थर्मिस्टर त्या एका दिवसासाठीच असतो.

निळावंती
एवढा खटाटोप करण्यापेक्षा ६ वर्षांचं घड्याळ बदलून टाका. नव्यात फीचरही जास्त मिळतील.

सांजवारा
हे नको म्हणून पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं. घड्याळ आईचं आहे. तिला कानांनी फार कमी ऐकू येतं. फोन वाजला की हे मनगटावर थरथरतं, आणि त्याची थरथर अशी जोरात आहे की ती झोपेतूनही उठते. बाजूला खरं दाबायचं बटण आहे. दोन नवी घड्याळं वापरून बघितली. एकाची थरथर तिला कळलीच नाही, दुसऱ्यात सगळं बोटाने सरकवायचं. दुपारनंतर घड्याळ बंद पडलं की ती घरात एकटी आणि मी फोन करत राहतो. म्हणून घाई आहे.

निळावंती
हे माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेते.

वाटसरू
हा सगळा त्रास कंपन्या बॅटरी चिकटवून टाकतात म्हणून. युरोपीय संघाने २०२३ मध्ये बॅटरीचा नियम केलाय, १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे.

कुलूपकिल्ली
त्यात पाण्यात वापरायच्या काही उपकरणांना सूट आहे, घड्याळं त्यात धरायची की नाही यावर वेगळा धागा काढा. @सांजवारा, माझा प्रश्न राहिलाच. जुनी बॅटरी आत आहे की बाहेर?

सांजवारा
आतच आहे, खाली चिकटलीय. तीच चाकूच्या टोकाने उचकटतोय. उशीसारखी झालीय, झाकणही महिनाभर एका बाजूने वर आलेलं होतं. जाडी मोजली, ६ मिमी भरली. म्हणून तर ५ ची मावेल वाटलं.

तांबडीवायर
चाकू बाजूला ठेवा. आत्ता.

फुगलेल्या बॅटरीत वायू असतो. भोक पडलं तर धूर, कदाचित आग. आधी कनेक्टर असेल तर तो नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सरळ वर उचला. सोल्डर केलेल्या वायरी असतील तर एका वेळी एकच कापा, टोकाला लगेच टेप लावा, मगच दुसरी. दोन्ही एकदम कात्रीत आल्या की शॉर्ट.

मग ड्रॉपरने कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब, ५ मिनिटं थांबा. बॅटरीखालून दात साफ करायचा दोरा सरकवत न्या, करवतीसारखा.

जोडतोड
हेअर ड्रायरने २ मिनिटांत सुटेल.

तांबडीवायर
फुगलेल्या बॅटरीवर उष्णता नको. चांगल्या बॅटरीच्या घड्याळाची काच सोडवायला ड्रायर वापरा, माझी हरकत नाही.

जोडतोड
हे मान्य. फुगलीय ते मी वाचलं नव्हतं.

कुलूपकिल्ली
निघाली की कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर. रोजच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

आणि ६ मिमी हे फुगलेल्या बॅटरीचं माप झालं. मोजायचा तो खड्डा. बॅटरी काढल्यावर तळापासून झाकणाच्या आतल्या कडेपर्यंत मोजा आणि अर्धा मिमी सोडा, बॅटरी वापरात थोडी फुगतेच.

सांजवारा
निघाली. दोऱ्याने १५ मिनिटं लागली. खड्डा ४.५ मिमी. म्हणजे ४०२५३०, ३.८ व्होल्ट, ४.३५ ची मर्यादा, ३ वायरी. बरोबर?

तांबडीवायर
बरोबर. थर्मिस्टरसुद्धा तेवढ्याच ओहमचा हवा. जुन्या बॅटरीच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीत मल्टिमीटरने ओहम मोजा. खोलीच्या तापमानाला १० किलोओहमच्या आसपास आले तर १० किलोओहमवाली मागवा.

आणि त्याच मापात ६०० एमएएच लिहिलेली दिसली तर घेऊ नका. तेवढ्या जागेत तेवढं मावत नाही.

सुमनताई_५८
आई घड्याळ घालूनच भांडी घासत असतील. उघडलेल्या घड्याळाचं रबरी कडं नीट बसलं नाही तर पाणी शिरतं, हे साध्या घड्याळालाही लागू आहे.

कुलूपकिल्ली
ताईंनी महत्त्वाचं सांगितलं. कडं ताणलेलं असेल तर कडेने बी-७००० गोंदाची बारीक रेघ द्या, रबर बँडने हलकं बांधून २४ तास ठेवा. तरी यापुढे ते पाण्यात चालणारं घड्याळ समजू नका.

सांजवारा (११ दिवसांनी)
बॅटरी आली, बसली, झाकण सहज बंद झालं. दुसऱ्या खोलीतून फोन लावला, आईने मनगट वर करून मला दाखवलं. काल रात्री १० ला ३८ टक्के शिल्लक होते. फक्त आज ४० वरून एकदम १४ दिसले आणि तिथेच तासभर थांबले. बॅटरी खराब आली का?

तांबडीवायर
नाही. घड्याळ अजून जुन्या बॅटरीचा हिशोब धरून बसलंय. एकदा बंद पडेपर्यंत वापरा, मग मध्ये न काढता १०० पर्यंत भरा. दोनदा करा. त्या दोन दिवसांत आईला घड्याळ कधी बंद पडेल ते आधी सांगून ठेवा.